जुन्या पेटीत नवा जीव: मॉडेल १०० उघडण्याआधी एवढं वाचा



यावेळी पेपर किंवा प्रयोग समजावून सांगणार नाहीये. यावेळी परीक्षण लिहायचं आहे, तेही एका छंदाचं. छंद असा: तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा पोर्टेबल कॉम्प्युटर मिळवायचा, मागचे स्क्रू काढायचे, आतला बोर्ड, पडदा, बॅटरीचा कप्पा सगळं बाहेर काढायचं आणि रिकाम्या पेटीत रास्पबेरी पाय, रंगीत पडदा आणि लिथियम बॅटरी बसवायची. बाहेरून १९८३, आतून आजचं लिनक्स. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने सापडतात आणि बघायला मजा येते. मीही रात्री जेवताना तेच बघते.

पण मजा येते म्हणजे काम चांगलं झालं असं होत नाही. नाटक बघून आल्यावर आपण म्हणतोच ना, की नेपथ्य झकास होतं पण संहितेत दम नव्हता? तसंच या कामांबद्दल बोलता यायला हवं. ‘भारी दिसतंय’ आणि ‘अरे, जुनी वस्तू फोडली!’ या दोन प्रतिक्रियांच्या पलीकडे फारसं कुणी जात नाही. म्हणून हा प्रयत्न.

माझं मत आधी सांगते, कारणं मागून देते. जुन्या यंत्रात नवं हार्डवेअर बसवायला माझी हरकत नाही. त्या यंत्रात नेमकं चांगलं काय होतं हे न बघता बसवलं, तर मात्र हरकत आहे. मुद्दा हवेत राहू नये म्हणून एकच यंत्र घेऊ आणि नीट उलगडू.

हे यंत्र होतं तरी काय?

टीआरएस-८० मॉडेल १००. अमेरिकेतल्या टँडी कंपनीने १९८३ मध्ये आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून ते विकायला आणलं. बनवलं होतं जपानच्या क्योसेराने. त्याचीच भावंडं एनईसीने आणि ऑलिव्हेट्टीने आपापल्या नावाने विकली. आतलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, आणि बिल गेट्स यांनी स्वतः हाताने बराच कोड लिहिला अशा अखेरच्या कामांपैकी ते एक. आकार जाडजूड वहीएवढा, वजन साधारण १.४ किलो. पडदा झाकण उघडून वर येत नाही, कीबोर्डच्या वरच्या बाजूला सपाट बसवलेला आहे. त्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी. बस, एवढंच.

प्रोसेसर कुठला? ८०८५! तुमच्यापैकी ज्यांनी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इंजिनियरिंग केलंय त्यांना एव्हाना घाम फुटला असेल. प्रॅक्टिकलला ज्या किटवर हेक्स कोड टाकून दोन आकड्यांची बेरीज करायचो, तोच ८०८५. इथे त्याची कमी वीज खाणारी सीमॉस आवृत्ती आहे, वेग साधारण २.४ मेगाहर्ट्झ. मेमरी ८ किलोबाइटपासून वाढवून ३२ किलोबाइटपर्यंत. आणि वीज? पेन्सिल सेल. साधे चार एए सेल.

हे यंत्र पत्रकारांचं लाडकं होतं. सामन्याच्या ठिकाणी बसून बातमी टाइप करायची, फोनच्या लाइनला जोडायचं आणि आतल्याच मोडेमने ३०० बॉडच्या वेगाने ऑफिसला पाठवायची. बटण दाबलं की त्याच क्षणी यंत्र सुरू. काल अर्धवट सोडलेलं वाक्य तसंच समोर.

आता थोडं भौतिकशास्त्र

चार सेलवर हे यंत्र साधारण २० तास चालायचं. हिशोब करून बघू. एका एए सेलचा व्होल्टेज १.५, क्षमता ढोबळमानाने २ अँपिअर-तास धरा. चार सेल म्हणजे ४ × १.५ × २ = १२ वॉट-तास. ते २० तास पुरतात, म्हणजे यंत्र सरासरी ०.६ वॉट खातं. आख्खा कॉम्प्युटर, पडद्यासकट, ०.६ वॉट!

हे कसं जमलं? सीमॉस परिपथात बहुतेक वीज खर्च होते ती ० चं १ आणि १ चं ० होताना. दर वेळी एक छोटं कपॅसिटर भरायचं आणि रिकामं करायचं. त्यामुळे खर्च तीन गोष्टींवर ठरतो: कपॅसिटन्स, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता. वारंवारता फक्त २.४ मेगाहर्ट्झ, त्यामुळे खर्च कमी. पडद्याला मागून दिवा नाही, तो बाहेरचाच उजेड परतवतो, त्यामुळे तिथेही खर्च जवळजवळ शून्य. उन्हात तर तो उलट जास्त चांगला दिसतो.

आणि बटण दाबताक्षणी सुरू होण्याचं कारण मेमरी. ही स्टॅटिक सीमॉस रॅम आहे. काही बदल होत नसेल तेव्हा ती इतकी कमी वीज घेते की आतली एक चिमुकली निकेल-कॅडमियम बॅटरी तिला बराच काळ जागी ठेवू शकते. म्हणजे ‘बंद’ केलेलं यंत्र खरं तर झोपलेलं असतं. त्याला डिस्कवरून काही आणावं लागत नाही, कारण डिस्कच नाही. प्रोग्राम रॉममध्ये, तुमचं लिखाण रॅममध्ये, दोन्ही जागच्या जागी.

आता याच पेटीत रास्पबेरी पाय ४ सारखं बोर्ड आणि रंगीत पडदा घाला. दोन्ही मिळून ५ वॉट धरू. तेच चार सेल आता कागदावर १२ ÷ ५, म्हणजे २.४ तास देतील. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण अल्कलाइन सेलमधून जास्त करंट ओढला की त्याची वापरता येणारी क्षमता घटते. म्हणून सेलचा कप्पा कापायचा, लिथियम बॅटरी घालायची, तिच्यासाठी चार्जिंगचा बोर्ड, त्यासाठी पेटीला नवं भोक. बटण दाबलं की लिनक्स सुरू व्हायला चांगला चहा ओतून होईल एवढा वेळ.

गंमत लक्षात आली का? घड्याळाचा वेग सहाशे पटींनी वाढला, मेमरी लाखपटीने वाढली, आणि हे यंत्र ज्या तीन गोष्टींसाठी आवडायचं त्या तिन्ही गेल्या: क्षणात सुरू होणं, कुठल्याही टपरीवर मिळणाऱ्या सेलवर दिवसभर चालणं, आणि उन्हात वाचता येणं. उरला कीबोर्ड आणि प्लास्टिकचा रंग.

पहिला आक्षेप हाच आहे. हा सुधारित मॉडेल १०० नव्हेच. हा मॉडेल १०० चा वेष घातलेला, जरा गैरसोयीचा लिनक्स कॉम्प्युटर आहे.

मग लोक पडदा का काढतात?

करणाऱ्यांची बाजूही बघायला हवी, कारण काम सोपं नाहीच. कीबोर्ड तसा सोपा. ७२ कळा आहेत, पण प्रत्येकीला वेगळी तार नाही. कळा ८ ओळी आणि ९ स्तंभांच्या जाळीत बसवल्या आहेत, म्हणून १७ तारांत भागतं. एक छोटा मायक्रोकंट्रोलर एकेका ओळीला सिग्नल देतो, कुठल्या स्तंभात तो उमटला ते बघतो आणि दाबलेली कळ ओळखतो. हे सेकंदाला शेकडो वेळा. पलीकडे तो स्वतःला यूएसबी कीबोर्ड म्हणून सादर करतो. अशी कामं मी पाहिली आहेत आणि ती खरोखर नेटकी असतात. मूळ कळांचा स्पर्श तसाच राहतो.

खरी अडचण पडद्याची. त्याला एचडीएमआय कळत नाही. २४० × ६४ ठिपक्यांचा तो पडदा बारा ड्रायव्हर चिप मिळून चालवतात. दहा चिप स्तंभांसाठी, दोन ओळींसाठी. कुठला ठिपका कुठल्या चिपच्या ताब्यात आहे याचा नकाशा तुम्हाला स्वतः बांधावा लागतो. वर कॉन्ट्रास्टसाठी वेगळा व्होल्टेज. त्यापेक्षा बाजारातला रंगीत पडदा दोन केबल लावून चालू होतो. म्हणून बहुतेक जण जुना काढतात.

पण सगळे नाही. काहींनी मूळ एलसीडी आजच्या मायक्रोकंट्रोलरने चालवून दाखवली आहे. माझ्या मते परीक्षणात खरे गुण इथे द्यायचे. कारण या माणसाला यंत्र समजून घ्यावं लागलं. सर्व्हिस मॅन्युअल वाचावं लागलं, बारा चिपचा नकाशा उलगडावा लागला. अंतिम फोटोत त्याचं काम कमी चमकदार दिसतं, हिरवट पडद्यावर करडी अक्षरं. व्हिडिओला लाइकही कमी. तरीही ते जास्त चांगलं काम आहे.

दाराने आत येणं

तिसरी एक पद्धत आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. पेटी उघडायचीच नाही. यंत्राच्या मागे आरएस-२३२ पोर्ट आहे, तिथून नवं हार्डवेअर जोडायचं.

एक सांभाळायचं. आरएस-२३२ मध्ये सिग्नल शून्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे जातो. धन व्होल्टेज, ऋण व्होल्टेज. रास्पबेरी पायच्या पिनांना फक्त ० ते ३.३ व्होल्ट चालतात. थेट जोडलंत तर पाय जळेल, म्हणून मध्ये मॅक्स३२३२ सारखी व्होल्टेज बदलणारी चिप लागते. ती जोडली की मॉडेल १०० मधला मूळ टेलकॉम प्रोग्राम उघडायचा, वेग १९,२०० बॉडपर्यंत ठेवता येतो, आणि समोर लिनक्सचा लॉगिन. एका अक्षराला १० बिट धरले तर सेकंदाला १,९२० अक्षरं येतात, म्हणजे ३२० अक्षरांचा आख्खा पडदा सेकंदाच्या सहाव्या भागात भरायला हवा. प्रत्यक्षात बिचाऱ्या ८०८५ ला एवढ्या वेगाने पडदा वर सरकवता येत नाही. तो ‘थांब जरा’ आणि ‘हं, पुढे’ असे इशारे पाठवत राहतो आणि पाय निमूट थांबतो. चाळीस वर्षांचं अंतर असलेली दोन यंत्रं एकमेकांना सांभाळून घेतात, ते बघण्यासारखं आहे.

त्रुटी आहेतच. लिनक्सचे बरेच प्रोग्राम ८० × २४ चा पडदा गृहीत धरतात, इथे ४० × ८. मजकूर कापला जातो. पण लिहिण्यासाठी यंत्र तसंच उत्तम राहतं, आणि लिहिलेलं क्षणात आजच्या जगात जातं. त्याच पोर्टला एसडी कार्डवर चालणारी, जुन्या डिस्क ड्राइव्हची नक्कल करणारी छोटी डबीही लावता येते. यंत्राला वाटतं आपण १९८० च्या दशकातल्या फ्लॉपीशी बोलतोय. उद्या केबल काढा, यंत्र होतं तसंच.

पण थिंकपॅडवाल्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, मग आतला बोर्ड बदलणं नेहमीच वाईट का? नाही. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चीनमधलं आहे.

५१एनबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या हौशी गटाने जुन्या थिंकपॅडच्या पेटीत तंतोतंत बसणारे नवे मदरबोर्ड बनवले. एक्स६०-एक्स६१ च्या पेटीसाठी एक्स६२, टी६०-टी६१ साठी टी७०, एक्स२००-एक्स२०१ साठी एक्स२१०. एक्स६२ मध्ये इंटेलचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर, एक्स२१० मध्ये आठव्या. बाकी जुनंच: सात ओळींचा कीबोर्ड, मधली लाल टिकली, एक्स६२ मध्ये तर ४:३ आकाराचा उंच पडदा.

तोच निकष इथे लावू. एक्स६१ मध्ये आवडण्यासारखं काय होतं? कीबोर्ड, पडद्याचा आकार, उघडून दुरुस्त करता येणारी बांधणी. त्यातला कोअर २ ड्युओ प्रोसेसर? तो हजारो लॅपटॉपमध्ये होता, त्यासाठी कुणी जीव टाकत नव्हतं. म्हणजे या लोकांनी जे ठेवायचं तेच ठेवलं आणि जे म्हातारं झालं होतं तेच बदललं. पेटी फारशी कापावी लागत नाही, मूळ बोर्ड बाजूला ठेवला तर परत बसवता येतो.

शिवाय हे एक प्रकारचं विधान आहे. २०१२ च्या आसपास थिंकपॅडचा सात ओळींचा कीबोर्ड गेला, त्याआधीच पडदे रुंद आणि बुटके झाले होते. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी तक्रार करून न थांबता बोर्ड डिझाइन केला. लेनोव्होने २०१७ मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खास मॉडेलमध्ये सात ओळींचा कीबोर्ड परत आणला, म्हणजे ही मागणी अगदीच वेड्यांची नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण १९८२ चा ग्रिड कंपास. बिल मॉग्रिज यांनी रचना केलेला, झाकणासारखा मिटणारा, मॅग्नेशियमची पेटी आणि नारिंगी-पिवळा इलेक्ट्रोल्युमिनेसंट पडदा असलेला. नासाने तो स्पेस शटलमधून नेला. त्यात डिस्कऐवजी बबल मेमरी होती. चुंबकीय पदार्थात तयार होणारे सूक्ष्म बुडबुडे सरकवत माहिती साठवायची, हे तंत्र आज बाजारातून जवळजवळ नाहीसं झालंय. अशा यंत्राचं पोट रिकामं करणं म्हणजे शेवटच्या काही प्रतींपैकी एक पुस्तक कापून त्याच्या पुठ्ठ्यात डायरी शिवणं.

वास्तूंकडून घ्यायचा धडा

हा प्रश्न नवा नाही. जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्यांनी यावर बराच विचार केला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन गोष्टी आहेत, त्या इथे जशाच्या तशा लागू पडतात. एक, दुरुस्ती अंदाजावर करायची नाही, जिथे अंदाज सुरू होतो तिथे थांबायचं. दोन, जे नवं घालावंच लागेल ते नवं म्हणून ओळखू यायला हवं, जुन्याचा आव आणू नये. त्यात पुढे संवर्धनवाल्यांमध्ये रुजलेलं तिसरं तत्त्व मिळवा: शक्यतो परत काढता येईल असंच करावं.

यावरून माझे चार प्रश्न असे. मूळ यंत्र चालू होतं का? त्याचं जे वैशिष्ट्य होतं ते राहिलं का? केलेलं परत फिरवता येईल का? आणि काढलेले भाग कुठे गेले?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मॉडेल १०० मधली ती निकेल-कॅडमियम बॅटरी, आठवते? वर्षानुवर्षं पडून राहिली की ती गळते आणि तिचं क्षारयुक्त द्रव्य बोर्डावरचं तांबं खातं. अशी यंत्रं खरोखर मरतात. बोर्ड कायमचा गेलेल्या, पडदा काळा पडलेल्या यंत्राच्या पेटीत कुणी पाय बसवला तर मी टाळ्या वाजवीन, ते भंगारात जाण्यापेक्षा कितीतरी बरं. पण चालू यंत्र ‘व्हिडिओला छान दिसतं’ म्हणून रिकामं केलं, तर एक चालू यंत्र कमी झालं. नवी काही बनणार नाहीत.

एका संशोधक विद्यार्थिनीला याचं काय पडलंय?

हा फक्त संग्राहकांचा हळवेपणा नाही. आमच्या विभागात मोजमापाचं एक जुनं उपकरण आहे. ते चालवणारं कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसतं, आणि तो स्लॉट आजच्या कॉम्प्युटरमध्ये नसतो. उपकरण उत्तम, सॉफ्टवेअर डॉसवरचं, कॉम्प्युटर म्हातारा. देशातल्या अनेक प्रयोगशाळांत ही जोडी तुम्हाला दिसेल. कॉम्प्युटर गेला तर चालू उपकरणही गेलं, आणि नव्या उपकरणाचं अनुदान मिळेपर्यंत माझ्यासारखीचं एखादं वर्ष गेलं.

त्याची हार्ड डिस्क कुरकुर करायला लागली तेव्हा सगळं नवं घ्यायचा विचार झालाच. शेवटी झालं ते एवढंच: डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड. हे कार्ड जुन्या आयडीई पद्धतीचीच भाषा बोलू शकतं, त्यामुळे मध्ये लागणाऱ्या अडॅप्टरवर जवळजवळ नुसत्या ताराच असतात, बुद्धी काही नाही. असले अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला आजही मिळतात. डिस्कची प्रत कार्डवर उतरवली, कार्ड लावलं, डॉस नेहमीसारखं सुरू झालं. जुनी डिस्क लेबल लावून कपाटात आहे.

हेही ‘जुन्या यंत्रात नवं हार्डवेअर’च आहे. फक्त त्याचा फोटो काढण्यासारखा नाही.

म्हणून माझा निकाल. मॉडेल १०० रिकामा करून पाय बसवणं: कारागिरीला गुण, समजुतीला नाही, आणि यंत्र चालू असताना केलं असेल तर सरळ नापास. मूळ कीबोर्ड आणि मूळ पडदा ठेवून फक्त बोर्ड बदलणं: मेलेल्या यंत्रासाठी उत्तम. मागच्या पोर्टमधून जोडणं: पहिला वर्ग. थिंकपॅडचे बोर्ड: पहिला वर्ग आणि वर शाबासकी.

तुमच्याकडे माळ्यावर असं काही पडलं असेल, मग ते मॉडेल १०० असो, जुना थिंकपॅड असो की एखादं देशी यंत्र, तर उघडण्याआधी एवढं करा. सेल किंवा चार्जर लावायच्या आधी आतली बॅटरी गळली आहे का ते बघा. गळली नसली तरी ती काढून ठेवा. प्रत्येक केबल काढण्याआधी फोटो घ्या. मग चालतं का ते बघा. चालत असेल तर पहिल्यांदा त्यावर दोन पानं लिहून बघा, आतमध्ये काय घालायचं ते नंतर ठरवा. आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी सडका बोर्डसुद्धा, पिशवीत घालून वर तारीख टाका. दुसऱ्या कुणाच्या यंत्राला त्यातली एखादी चिप लागेल.

पुढच्या वेळी परत प्रयोगाकडे वळू. बबल मेमरीतले ते बुडबुडे नेमके कसे सरकतात, यावर लिहायचं डोक्यात आहे. कुणाला त्याआधी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.